मोठ्या बाईंचे डोळे

"नाव काढ," देशमुख म्हणाले. "तूच काढ. तुह्या हातानं."

त्यांच्या आईची तेरवी होती. ओसरीवर पाट, पाटावर पांढरं कापड, कापडावर नवी कोरी सागवानी फ्रेम. फ्रेम रिकामी. तिच्यात बसवायचा फोटो मी आणि स्टुडिओवाले चाचा आदिलाबादहून घेऊन आलो होतो. तो देशमुखांच्या हातात होता आणि सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं होतं. देशमुखांची बहीण, आक्का, तर फोटो पाहून मटकन खालीच बसली होती. "माय पाहून राह्यली वं माह्याकडं," म्हणून रडत होती. चाचा ओसरीच्या कडेला. मी खाली अंगणात. मला वर कोणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता वर जायचं नसतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग देशमुखांनी फोटो उजेडाकडे धरला. खालच्या कोपऱ्यात बारीक कुंचल्यानं लिहिलेलं नाव त्यांना दिसलं. नाव आणि आडनाव. आमच्या भागात आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

"हे कोनाचं?"

"माहं," मी म्हणाले.

"आमी या फोटोले हार घालनार. पाया पडनार. तुह्या नावाच्याई पाया पडावं काय आमी?"

मागे कोणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. नाकातल्या नाकात.

चाचांनी पिशवी उघडली. आतून ब्लेड काढलं. माझंच ब्लेड. अर्ध्या भागाला चिंधी गुंडाळलेलं. पायऱ्या उतरून खाली आले आणि माझ्या हातात दिलं. "निकाल दे बेटी," हळू म्हणाले. "बड़े लोगाँ हैं."

मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. फोटो मांडीवर घेतला.

"आडनाव आधी," देशमुख वरून म्हणाले.

फोटोच्या कागदाचा वरचा थर खरवडला की पीठ पडतं आणि खाली पांढरं लागतं. मी आधी आडनाव खरवडलं. मग नाव. सगळे पाहत होते. तेरवीला आलेले पाहुणे, गड्याबाया, गोठ्याकडे आमच्या लोकांसाठी पत्रावळी मांडत असलेली माझी माय. मायनं पाहिलं आणि परत पत्रावळी मांडायला लागली. देशमुखांनी फोटो घेतला, पांढऱ्या डागावर त्यांच्या बायकोनं अष्टगंधाचं बोट लावलं. झालं. फोटो शुद्ध झाला. सगळे ओळीनं पाया पडले.

"हात चांगला हाय," देशमुख मला म्हणाले. "तुमच्या लोकायच्या हातात असतेच. जेवून जाय."

मी जेवले नाही. एवढंच मला त्या दिवशी जमलं.

आता हे फोटोचं काम काय होतं, ते सांगते. ज्यांनी जिवंतपणी फोटो काढला नाही, त्यांचा मेल्यावर काढायचे. आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं त्या दिवसांत आमच्याकडे हे सर्रास चालायचं. मोठ्या बाईंना, म्हणजे देशमुखांच्या आईला, वाटायचं की फोटो काढला की आयुष्य कमी होतं. आयुष्य त्यांना भरपूर मिळालं. फोटो तेवढा राहिला. मग माणूस गेलं की स्टुडिओत निरोप यायचा. प्रेताला खुर्चीत बसवायचं, मागून कोणीतरी मान धरायची आणि चाचा फोटो घ्यायचे. स्टुडिओत तो मोठा करायचा. मिटलेल्या डोळ्यांवर उघडे डोळे रंगवायचे. पांढरं ब्लेडनं खरवडून काढायचं, बुबुळ काळ्या शाईनं भरायचं, त्यात उजेडाचा एक ठिपका सोडायचा. आम्ही त्याला डोळे उघडणं म्हणायचो.

चाचांचा हात वयानं कापायला लागला होता. ब्लेड घसरलं की मेलेला माणूस चकणा व्हायचा. म्हणून डोळे माझ्याकडे आले. मी गावातून बसनं आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, यायची आणि कॉलेज सुटलं की कापूस मार्केटजवळच्या त्या स्टुडिओत बसायची. गिऱ्हाइकाला चाचा सांगायचे नाहीत की डोळे कोण उघडतं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असायचा. पुढे कोणाचंच नाव नसायचं. नाव टाकायचं मला आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी, सारूंनी, सांगितलं. तेलुगू माणूस. हैद्राबादला चित्रकलेची डिगरी असते, तिथं मुलाखतीला आपली कामं न्यावी लागतात आणि कामावर आपलं नाव लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. मोठ्या बाईंचा फोटो हे माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. म्हणून त्यावर नाव टाकलं. पहिल्यांदाच.

चांगलं काम व्हायला एक गोष्ट लागते. कोणाचे तरी उघडे डोळे समोर लागतात. मनानं काढलेले डोळे बाहुलीचे होतात. घराण्यात डोळे उतरलेले असतात, म्हणून मी मेलेल्याच्या लेकीला नाहीतर मुलाला समोर बसवायची आणि पाहून घ्यायची. मोठ्या बाईंचा फोटो काढायला गेलो त्या दिवशीही मी अंगणातूनच विचारलं होतं, "आक्काले जराशी इकडं बसवता का? डोळे पाहाचे होते."

देशमुख म्हणाले, "आमच्या घरच्या बाया तुह्यापुढं बसनार व्हय?"

बसल्या नाहीत. माझ्याकडे मिटलेल्या डोळ्यांचा एक चेहरा आणि तोंडावर आलेली तेरवी.

मी घरी आले. माय दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर उभी राहिले तशी तिनं मान वर केली. मायचे डोळे मोठे आहेत, जरा खोल, उजव्या पापणीला थोडी ओढ. ती सरळ पाहायला लागली की समोरची बाई उगाच पदर सावरते. मी पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तेच डोळे मोठ्या बाईंच्या चेहऱ्यात बसवले. बसले. असे बसले की चाचा म्हणाले, बुढ़िया अभी बोलेगी.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. मायलाही नाही.

तेरवीनंतरच्या आठवड्यात बाबा संध्याकाळी हसत घरी आला. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, अटेंडर होता, शिपाई, आणि हसत घरी यायची त्याला सवय नव्हती. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि तिथूनच मायला हाक मारली.

"पोरगी मास्तरीन झाली समज."

देशमुखांच्या संस्थेचं टीचर ट्रेनिंगचं कॉलेज होतं. तिथली एक सीट ते मला देणार होते. त्यांनी बाबाला बोलावून सांगितलं होतं. बदल्यात फक्त एक काम. मोठ्या बाईंचं मोठं, रंगीत चित्र, कॉलेजच्या हॉलमध्ये लावायला. कॉलेजला त्यांचंच नाव द्यायचं होतं. आयुष्यात पाटीला हात न लावलेल्या बाईचं नाव. असो.

"नाव टाकाचं नाही म्हने," बाबा म्हणाला. "बाकी कायी नाही."

बाकी काही नाही.

माझ्या पेटीत हैद्राबादच्या कॉलेजातून आलेलं मुलाखतीचं बोलावणं होतं. ट्रेनिंगची भरती आणि ती मुलाखत एकाच आठवड्यात. मी बाबाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याला आधी वाटलं मी थट्टा करते आहे.

"चित्राची डिगरी? डिगरी घेऊन भिताडं रंगवशीन?"

"ते शिकनंच हाय, बाबा."

"आपल्या लोकायले शिका म्हनून सांगतलं. चित्रं काढा म्हनून नाही सांगतलं."

मी म्हणाले, ज्या माणसानं भर तेरवीत माझं नाव खरवडायला लावलं, त्याच्या हातची सीट मी घेणार नाही. मग बाबा पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळला. त्यानं जे सांगितलं ते मी आजही विसरले नाही.

"तेच तर सांगून राह्यलो. मी ऑफिसात दिवसभर सह्या पाह्यतो. मोठ्या सायबाची, एमआरओ सारूची सही कोनी ब्लेडानं खरवडत नाही. कारकुनाचीबी नाही. मास्तरीन हो. हजेरीवर सही करशीन. मंग पाहू कोनाच्या बापाची हिंमत हाय पुसाची. चित्रावरचं नाव कोनीबी पुसते. पुसलं ना त्यायनं?"

बाबाचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच जास्त लागलं. साहेबाच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवत ठेवत हा माणूस माझ्यासाठी खुर्ची शोधत होता. ती त्याला सापडलीही होती. फक्त ती देशमुखांच्या ओसरीखाली मांडलेली होती, आणि हे बाबाला दिसत नव्हतं. किंवा दिसत असेल. आयुष्यभर अटेंडरकी केलेल्या माणसाला अंगणातली खुर्चीही खुर्चीच वाटते.

मग बाबा जेवताना भिंतीकडे पाहायचा. शेजारच्या बाया येऊन मला समजावून जायच्या. सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन, चित्र म्हणजे उपास. मास्तरणीला चांगलं स्थळ येतं, चित्र काढणाऱ्या पोरीला कोण करून घेतं. सगळं खरं होतं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. चित्र काढून द्यायचं, सीट घ्यायची, तोंड मिटायचं. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

माय या सगळ्यात काहीच बोलली नव्हती. एक दिवस दुपारी ती माझ्या केसाला तेल लावत होती, तेव्हा तिनं सहज विचारलं.

"मोठीचे डोये कसे जमले वं तुले? मिटेल होते ना?"

मी सांगून टाकलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. मला खरंच तसं वाटलं होतं. देशमुखांचं घर रोज सकाळी तुझ्या डोळ्यांच्या पाया पडतं माय, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तिचा हात माझ्या केसांतच थांबला.

"माहे डोये? तिले?"

"हाव."

"मले न विचारता?"

ती उठून माझ्यासमोर आली. अशी चिडलेली माय मी कधी पाहिली नव्हती.

"तिच्या वावरात जन्म गेला माहा. वाकून निंदलं, वाकून येचलं. येक डाव मान वर केली तं म्हने, डोये खाली ठेव, मालकिनीवर डोये रोखते का. तवापासून त्या बाईपुढं मी नजर उचलली नाही. आन् तू माहे डोये उचलून तिच्याच तोंडात घातले? काऊन देले? तुह्या बापाची पेंड होती का ती?"

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही.

"रडू नको. जे देलं थे वापस आन."

"कसं आनू, माय?"

"ते मले काय इचारते. देताना इचारलं होतं?"

त्या दुपारी माझ्या डोक्यात स्वच्छ उजेड पडला. मी नाव गेलं म्हणून धुमसत होते. माझ्या नावाचं दुःख मला मोठं वाटत होतं. पण त्या ओसरीवर मी त्याहून मोठं काही देऊन आले होते, आणि तेही आपणहून, काम छान झालं म्हणून खूश होत. आता मी तेच डोळे परत रंगवून त्यांच्या हॉलमध्ये लावणार होते. ट्रेनिंगला येणारी आमची पोरं त्या चित्राखालून मान खाली घालून जाणार होती. मायच्या डोळ्यांनी मोठी बाई त्यांच्यावर नजर ठेवणार होती. मला माझाच संताप आला आणि मग देशमुखांचा आला. तो अजून गेलेला नाही. जाऊही नये.

देशमुखांनी बोलावलं तेव्हा मी बाबाबरोबर गेले. देशमुख ओसरीवर खुर्चीत. त्यांची बहीण दारात. तिच्या मागे आतल्या भिंतीवर फोटो, ताज्या झेंडूचा हार. बाबा अंगणात हात जोडून उभा.

"तेच डोळे पाहिजे," देशमुख म्हणाले. "जराबी फरक नको. नाव टाकाचं नाही, हे आता सांगाले नको."

"मी काढत नाही," मी म्हणाले.

बाबानं माझं कोपर धरलं. देशमुखांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हने?"

"काढत नाही. ते डोळे मोठ्या बाईचे नाहीत. माह्या मायचे हायेत. तुमच्या वावरात निंदते ती. तुमच्या घरची बाई तुमी मले पाहू देली नाही. तवा मी माह्या घरची पाह्यली."

दारातली आक्का आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग मागे वळून फोटोकडे. ती पाहत होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत होतं. तिला दिसलं. मायला ती रोज अंगणात पाहत होती, मान खाली घातलेली. तरी दिसलं.

"खोटं बोलून राह्यली," देशमुख म्हणाले.

"मायले बोलवा. फोटोजवळ उभी करा आन् पाहा."

त्यांनी बोलावलं नाही. बोलावणार कसे? मायला आतल्या भिंतीपाशी न्यायचं म्हणजे ओसरी चढू द्यावी लागली असती. आणि ओसरी चढून तिनं मान वर केली असती तर?

मी पिशवीतून ब्लेड काढलं. त्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं, जिथं मी बसले होते.

"नाव मी खरवडलं, तुमच्यापुढं. डोळे आता तुमी खरवडा. नाहीतर रोज पाया पडत राहा माह्या मायच्या."

"घेऊन जाय इले," देशमुख बाबाला म्हणाले. आवाज त्यांनी आताही चढवला नाही. पण फोटोकडे वळून पाहायची त्यांची छाती झाली नाही. मी पाहिलं ते. नीट पाहिलं.

घरात आल्यावर त्यानं माझ्या तोंडात मारली. "तुह्या येका तोंडानं घर बसलं," म्हणाला. आणि घर बसलंच. सीट गेली. मायला देशमुखांच्या वावरात काम मिळेना, आणि त्यांना पाहून दुसऱ्यांच्या वावरातही मिळेना. चाचांनी दुकानाच्या दारातच सांगितलं, "कल से नक्को आना." मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांनी माझ्या हातात ब्लेड दिलं हे मी विसरणारही नाही. बाबा मरेपर्यंत म्हणत राहिला की पोरगी मास्तरीण झाली असती. मी त्याला खोटं ठरवू शकले नाही. बाबाची मनधरणी करण्यात माझी वर्षं गेली, पण आमच्यात जे मोडायचं ते मोडलंच होतं.

हैद्राबादला मी गेले. ती डिगरी मी केली. तिथंही काही पायघड्या घातल्या नव्हत्या. तिथंही आडनाव वाचणारे होते, फक्त ते वाचून झाल्यावर गोड हसायचे आणि विचारायचे, कोट्यातून का? तिथं एक जण मला म्हणाला होता, तुमच्याकडे वेदनेचा मोठा साठा असेल नाही, चित्रांना उपयोगी पडतो. मी म्हटलं, आहे, आणि तो तुला मिळणार नाही.

लोक मला अजून विचारतात, मास्तरकीची बांधलेली भाकर सोडून चित्रांमागे लागलीस, काय मिळालं? मी हिशोब सांगत बसत नाही. त्या खुर्चीसाठी जे द्यावं लागणार होतं, ते माझ्या मालकीचं नव्हतं. ते मायचं होतं. एवढंच.

देशमुखांच्या घरी तो फोटो अजून आहे की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही आणि करणार नाही.

मायचं चित्र मी काढते. बरीच काढली, अजून काढते. ती समोर बसते. मान वर. डोळे रोखून. सुरुवातीला तिला वेळ लागला, मान आपोआप खाली जायची. मी हात थांबवायची आणि म्हणायची, माय, वर. आता सांगावं लागत नाही. कोरा कागद घेतला की मी आधी नाव लिहिते. आडनावासकट. कोपऱ्यात नाही, मधोमध, मोठ्या अक्षरांत. मग त्याच्यावरून तिचा चेहरा काढते, असा की नावाच्या रेघा तिच्या गालात, कपाळात, पापणीत गुंतून जातात. आता ज्याला नाव खरवडायचं असेल त्यानं आधी तिच्या डोळ्यात पाहावं आणि मग ब्लेड उचलावं.

या चित्राच्या पाया कोणी पडू नये. हार घालू नये. समोर उभं राहून नजरेला नजर द्यावी. जमत नसेल त्यानं बाजूला व्हावं. माय खाली पाहणार नाही.